अथर्व येईपर्यंत

ऐकायचंच म्हणता तर सांगतो, पण हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच हसलात की माझी लय तुटते. आणि तसंही तुमच्यातल्या निम्म्यांनी तो व्हिडिओ पाहिलेला असणार. आमच्या मंगरूळपीरमध्ये तो गेला नाही असा मोबाईल शोधून सापडायचा नाही. माझ्या सासऱ्यांनी तर तो मलाच पाठवला, "हे तुम्हीच का?" असं विचारून. मीच. दुसरं कोण असणार?

तर झालं असं. नोकरी म्हणाल तर मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देतो-घेतो. पण खरा किडा नाटकाचा. तरुणपणी अमरावतीला एका स्पर्धेत मला अभिनयाचं उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. तेवढ्या भांडवलावर मी गेली काही वर्षं शाळकरी मुलांचा अभिनयवर्ग चालवतोय. दर रविवारी, ओळखीतल्या एका मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये. लग्नसराईत तो हॉल मिळत नाही, मग आम्ही गच्चीवर. खाली पंगत बसलेली आणि वर माझे पोट्टे रडण्याचा सराव करतायत! एकदा वाढपी बुंदीचं भगुणं हातात घेऊन धावत वर आला होता, कुणाचं काय झालं म्हणून.

वर्गात माझे नियम दोनच. पहिला, आवाज शेवटच्या रांगेतल्या आजोबांना ऐकू गेला पाहिजे. दुसरा, रंगमंचावर काहीही होवो, थांबायचं नाही. समोरचा नट आला नाही, लाईट गेली, कुत्रं शिरलं, तरी भूमिका सोडायची नाही. वाक्य आठवत नसेल तर समोर बसलेली माणसं बघायची आणि त्यांच्यावरून काहीतरी बोलत राहायचं. हा दुसरा नियम मी इतक्यांदा सांगायचो की मुलं माझी नक्कल करायची.

आणि हो, आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मी भयंकर बुद्धिवादी माणूस. होतो, असं म्हणा हवं तर. नाटकाआधी सगळीकडे नटराजाला नारळ फोडतात, मी तोही बंद केला होता. "देव तुमचं नाटक उभं करणार नाही, तालीम करील," असं मी मुलांना सुनवायचो. पोरांचं खोबरं बुडालं, पण करता काय? सरच असे.

यंदाच्या उन्हाळी शिबिराचं नाटकही मीच लिहिलेलं, अंधश्रद्धेवर. गोष्ट साधी. गावातली एक बाई अंगात देवी येते असं ढोंग करते, गावकरी पाया पडतात, साड्या-नारळ देतात. शेवटी शहरात शिकलेला तरुण येतो, "थांबा!" असं ओरडतो आणि तिचं पितळ उघडं पाडतो. तो तरुण म्हणजे अथर्व. आणि देवीवाली बाई म्हणजे साक्षी.

ही साक्षी आसेगावची. यंदा नववी झालेली, दर रविवारी एसटीनं यायची. पोरगी बोलायची कमी, पण डोळे सतत फिरते. कोण कसं चालतं, कोण तंबाखू मळताना कुठं बघतं, सगळं टिपून घ्यायची. इतक्या वर्षांत माझ्या वर्गात आलेली खरी नटी म्हणाल तर ही एकच.

तिचे वडील ज्ञानेश्वरभाऊ. सोयाबीन-तुरीची शेती, माणूस सरळ, पण नाटक म्हटलं की कपाळाला आठी. जूनमध्ये अमरावतीला बालनाट्य स्पर्धा होती आणि मला साक्षीला न्यायचं होतं. पुढं दहावी, मग तालमीचं नाव काढायची सोय नव्हती. म्हणजे हीच एक संधी. मी त्यांच्या घरी गेलो, चहा झाला, आणि त्यांनी अट घातली.

"सर, आपल्या गावात नाटक करून दाखवा. चार लोकं म्हनले की पोरीनं काम चांगलं केलं, तं पाठवतो अमरावतीले. नाही तं इथंच बंद."

साक्षी दाराआड उभी होती. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी लगेच कबूल झालो.

पण प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात सगळं बिनसायला लागलं. ढोलकीवाल्यानं बोट चेचून घेतलं. वादळानं मांडववाल्याचं कापड फाडलं. अथर्वला गालगुंड होतंय की काय असं वाटायला लागलं. मला झोप येईना. आणि मग मी जे केलं ते माझ्या बायकोलाही सांगितलं नव्हतं. एका भर दुपारी, कुणी ओळखू नये म्हणून तोंडाला दुपट्टा बांधून, मोटारसायकलवर मी थेट पोहरादेवी गाठली. मंगरूळपीरमध्ये देवळं नाहीत का? आहेत की. पण तिथं मला सगळे ओळखतात ना! रांगेत उभा राहिलो, डोळे मिटले आणि हळूच पुटपुटलो, "आई, आसेगावचा प्रयोग निभावून ने, खणानारळानं तुझी ओटी भरीन." दुपट्टा सोडला नाही. तसाच परत आलो आणि संध्याकाळी वर्गात मुलांना वैज्ञानिक दृष्टिकोनावर अर्धा तास झोडपलं.

प्रयोगाचा दिवस उजाडला. आसेगावात शाळेच्या पटांगणात रंगमंच बांधलेला, अख्खं गाव जमलेलं. ज्ञानेश्वरभाऊ दुसऱ्या रांगेत, मांडीवर हात ठेवून, परीक्षेला बसल्यासारखे. सात वाजता नाटक सुरू करायचं होतं. पण आपल्याकडे सत्कार झाल्याशिवाय पडदा कुठं उघडतो? आजी सरपंच, माजी सरपंच, शाळा समिती, मांडववाले, गावातून बदलून गेलेले आणि बदलून आलेले. प्रत्येकाला शाल आणि नारळ. नारळ लगेच परत टेबलावर, पुढच्या माणसासाठी. मी विंगेत बोटं मोडत उभा, आणि शेजारी अथर्व घाबरून बाटलीमागून बाटली पाणी पितोय.

या पाण्याकडं मी लक्ष द्यायला हवं होतं.

नाटक सुरू झालं. पहिले दोन प्रवेश झकास. मग ढोलकी वाजली आणि साक्षी केस मोकळे सोडून आली. तालमीत ती बरं करायची, पण त्या दिवशी काही वेगळंच होतं. आधी नुसता श्वास. मग कमरेतून वर चढत गेलेलं घुमणं. मान अशी फिरत होती की पुढच्या बायकांनी पदर सावरले. मी विंगेत खूश. मनात म्हटलं, ज्ञानेश्वरभाऊ, घ्या, चार नाही चाळीस लोक म्हणतील.

आणि तिनं अथर्वच्या प्रवेशाचं वाक्य टाकलं, "मले इचारनारा हाये का कोनी?"

यावर अथर्वनं आत शिरायचं. मी मागं वळलो. अथर्व नाही!

साक्षीनं वाक्य पुन्हा टाकलं. मी विंगेच्या मागं धावलो, तर एक मुलगा म्हणाला, अथर्व शाळेच्या मागं गेलाय. पाण्यानं घात केला होता. त्यातून त्यानं बापाची पँट घातलेली, कमरेला सैल म्हणून आम्हीच ती सुतळीनं बांधली होती, आणि तिची गाठ आता सुटत नव्हती. एक पोरगा कात्री शोधायला पळाला. मी परत विंगेत आलो. साक्षीनं तिसऱ्यांदा तेच वाक्य टाकलं, वाट पाहिली आणि मग तिनं माझा दुसरा नियम पाळला. ती समोर बसलेल्या माणसांकडं वळली.

पहिल्या रांगेत एक गृहस्थ सत्काराची शाल पांघरून बसले होते. त्यांच्यावर बोट रोखून ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "शाल पांघरून बसला काय रे? भावाचा धुरा कोरला, त्याचं काय?"

आता धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, ते भांडण गावात पोराटोरांना ठाऊक होतं. पण ते गृहस्थ ताडकन उठले आणि शाल काढून हात जोडून उभे राहिले.

मग बोट शांताकाकूंवर गेलं. या काकू साक्षीच्या घराशेजारीच राहतात. "अन् तू वं? फ्रिजले कुलूप लावतं. सुनेले घोटभर चहा नाही पुसत." काकूंनी जागेवरून उठून टेबलावरचा सत्काराचा नारळ उचलला, पायऱ्या चढून सरळ रंगमंचावर आल्या आणि साक्षीच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांच्यामागून आणखी बायका. कुणीतरी हळदीकुंकूही आणलं. माझ्या नाटकातले गावकरी झालेले पोट्टे गोंधळले, पण नियम म्हणजे नियम. तेही खऱ्या गावकऱ्यांच्या मागं रांगेत उभे राहिले.

मी विंगेत कपाळ धरून उभा. हे थांबवायला हवं, कुणीतरी जाऊन सांगायला हवं, असं डोक्यात चाललेलं. तेवढ्यात साक्षी गर्रकन माझ्याकडं वळली. केसांमधून दिसणारा तिचा एक डोळा माझ्यावर रोखलेला.

"अन् तू! पडद्याआडून काय पाह्यतं? दुनियेले सांगतं देव देव करू नका. अन् सोता तोंड बांधून माह्या दारी आलता. मले कबूल केलं ते कुठं हाये? माह्यी ओटी कुठं हाये?"

आता तुम्हीच सांगा. ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही, मित्राला नाही, कुणाला नाही. तोंडाला दुपट्टा होता. हे या पोरीला कळायचा मार्ग कुठला? पुढचं काय झालं ते मला नीट आठवत नाही, पण व्हिडिओत स्पष्ट दिसतं. मी विंगेतून बाहेर येतो, वाटेत एका बाईच्या हातातला नारळ घेतो आणि साक्षीसमोर साष्टांग आडवा होतो.

बरं, आडवं व्हायला जागा तरी कुठली निवडावी? मुलांचे आवाज टिपायला खाली ठेवलेल्या माईकला माझं तोंड टेकलेलं. त्यामुळं "आई, चुकलो, भरतो, उद्याच भरतो" हे दोन्ही भोंग्यांतून आसेगावच्या शेवटच्या घरापर्यंत गेलं.

आणि तेवढ्यात साक्षी खाली वाकली. तिचे केस माझ्या तोंडावर आले आणि त्या केसांच्या आडून ती कुजबुजली, "सर, अथर्व आला का? मान दुखून राह्यली माह्यी."

मी तसाच पडून राहिलो. उठून तरी कुणाला तोंड दाखवणार होतो?

तेवढ्यात अथर्व आला. एका हातानं पँट धरलेली, दुसरा हात वर. "थांबा!" असं ओरडला आणि त्यानं पाहिलं की पायाशी सर पडलेत. क्षणभर थबकला. पण मीच शिकवलेलं ना, थांबायचं नाही! त्यानं पुढचं वाक्य खणखणीत टाकलं, "ऊठ अडाण्या, कुणाच्या पाया पडतोस? हे सगळं ढोंग आहे!"

वाक्य माझंच. लिहिताना मला ते फार आवडलं होतं.

पण त्याला कोण ऐकतंय? शांताकाकूंनी त्याला आधी बूट काढायला लावले आणि मग रंगमंचावरून हाकललं. कुणीतरी आरती सुरू केली. नाटकाचा शेवट झालाच नाही. माझं अंधश्रद्धेवरचं नाटक आरतीनं संपलं.

पुढच्या रविवारी ज्ञानेश्वरभाऊ साक्षीला घेऊन माझ्या घरी आले. मी शिव्या खायच्या तयारीनं बसलो होतो, पण ते चिडलेले नव्हते. थकलेले होते. घरी लोक लिंबं घेऊन येऊ लागले होते. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या पोराला नोकरी लागत नाही. पोरगी गणित सोडवत बसली तरी बायका दारात हात जोडून उभ्या.

"म्या सगळ्याइले सांगतो, बाप्पा, नाटक होतं ते. तं म्हनतात, सर पडले ना पाया? शिकलेला मानूस हाये, नाटकही त्याइचंच. त्याइले नाही समजत का? आता मी काय बोलू?"

मी खाली मान घातली. गाव माझ्यामुळं फसलं होतं. शांताकाकू पाया पडल्या तोवर लोक कुजबुजत होते, पण मी पडलो आणि शिक्कामोर्तब झालं.

"चार लोकं चांगलं म्हनले तं पाठवीन म्हटलं होतं," ज्ञानेश्वरभाऊ पुढं म्हणाले. "अर्धं गाव पाया पडून राह्यलं, सर. पन पोरीनं काम चांगलं केलं, असं एकबी नाही म्हनून राह्यला."

मग साक्षी माझ्याकडं न बघता म्हणाली, "सर, तुमीबी नाही सांगतलं."

खरं सांगू? इतकी लाज मला रंगमंचावर आडवा पडलो तेव्हाही वाटली नव्हती. पोरीनं एकटीनं, वाक्य नसताना, साथीला कुणी नसताना, अख्खं पटांगण मुठीत धरलं होतं. असं काम मला जन्मात जमलं नाही. आणि मी, तिचा शिक्षक, त्याचं सगळं श्रेय देवीला देऊन मोकळा झालो होतो. तिच्या हातून तिचं यश मीच काढून घेतलं होतं. तेव्हा कुठं मी म्हणालो की काम फार मोठं झालं, साक्षी. पण ते फार उशिरा आणि फार हळू निघालं.

मग धीर करून विचारलं, की माझं पोहरादेवीचं तुला कसं कळलं?

ती जरा हसली. मानोऱ्याला मावशीकडं गेली होती म्हणे, तिथून सगळे दर्शनाला गेले. रांगेत ती माझ्या मागंच होती. "दुपट्टा होता तुमाले. पन तुमी बोल्ले ना, तवा ओळखलं. साऱ्या देवळाले ऐकू गेलं, सर. मावशी म्हने, हा मानूस काहून वरडून राह्यला?"

म्हणजे मी पुटपुटलो ते माझ्या पहिल्या नियमाप्रमाणं. शेवटच्या रांगेपर्यंत.

ज्ञानेश्वरभाऊंचं म्हणणं एवढंच होतं की गावात येऊन हे तुम्हीच सांगा. मंगळवारी मी आसेगावला गेलो. त्यांच्या अंगणात लोक जमलेलेच होते, पुढं शांताकाकू. मी उभा राहिलो आणि सांगितलं, की साक्षीच्या अंगात कुणी आलं नव्हतं, तो अभिनय होता. मागून लगेच प्रश्न आला, "मंग तुमी काहून पडले पाया?"

इथं माझ्यातला भित्रा माणूस जागा झाला. मी म्हणालो, "अहो, मीही अभिनयच करत होतो."

शांताकाकूंनी मान हलवली. "नाही, सर. तेवढी चांगली ॲक्टिंग तुमाले येत नाही. मांगल्या साली आमी पाह्यली हाये तुमची."

आता लपवायला राहिलंच काय? मग मी सगळं ओकलो. नवस, दुपट्टा, रांगेतला आवाज, अथर्वची सुतळी. सांगताना कानशिलं तापली होती. लोक हसले, पण मनातून हललेले दिसेनात. लिंबं तशीच हातात.

तेव्हा साक्षी उठली. कुणाला न विचारता अंगणाच्या मधोमध आली आणि केसांचा रबर काढला. "पाहा आता. मी चालू करते. बंद म्हनलं की बंद." आणि तिनं सुरू केलं. तोच श्वास, तेच घुमणं, तोच घोगरा आवाज. मागच्या एका बाईनं हात जोडले. "बंद," साक्षी म्हणाली, आणि तिथंच उभी राहून तांब्यातलं पाणी प्यायली. मग आपल्या साध्या आवाजात समजावून सांगायला लागली. आधी श्वास जोरात घ्यायचा, मग कमर, मान सगळ्यात शेवटी. डोळे गरगरू नयेत म्हणून समोरच्या एका खांबाकडं बघत राहायचं. आवाज पोटातून काढायचा, नाहीतर घसा बसतो. शांताकाकूंनी परीक्षा घ्यायची म्हणून मधेच टाळी वाजवली, की ती बंद. पुन्हा टाळी, की चालू. काकूंना त्यात इतकी मजा वाटायला लागली की त्या थांबेचनात.

"बाई वं," शेवटी काकू म्हणाल्या, "काय काम करते ही पोट्टी! माह्या आंगावर काटा आन्ला."

मग दुसरं कुणी म्हणालं, मग तिसरं. शाल काढून उभे राहिलेले ते गृहस्थही म्हणाले, जरा नाराजीनं का होईना. लिंबं एकेक करून पिशव्यांत परत गेली. ज्ञानेश्वरभाऊ खांबाला टेकून ऐकत होते. पोरीकडं बघणारा त्यांचा चेहरा मी त्याआधी कधी असा पाहिला नव्हता. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि माझ्याजवळ आले.

"जाऊ द्या हिले अमरावतीले," ते म्हणाले. मग माझ्याकडं नीट बघून, आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "अन् सर, तिनं कवाचंच बंद केलं. तुमी जोडलेले हात सोडा आता."